एल्नाचा ऑक्टोपस

डेन्मार्कमधल्या त्या दवाखान्यात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या काचपेटीतल्या प्रत्येक तान्ह्याला सुती दोऱ्यानं विणलेला खेळण्यातला ऑक्टोपस देतात. मग बाळ नळ्या ओढत नाही, त्याचे पाय धरून ठेवतं.

अशाच एका पेटीतल्या एल्नाच्या रक्तातले जंतू मेंदूपर्यंत गेले, तेव्हापासून तिची मूठ मिटलीच नव्हती. तिचा ऑक्टोपस धुऊन दांडीवर टाकताना, सलग सहाव्या दिवशी कामावर आलेल्या नर्स बिर्थेला त्याचा एक पाय चुरगळलेला दिसला. तिनं तो सरळ केला. तो पुन्हा चुरगळला.

"घरी जा गं," दुसरी नर्स टोव्हे म्हणाली. "तूच चुरगळली आहेस."

"बिर्थे!" पेटीपाशी बसलेली एल्नाची आई ओरडली. "हिनं मूठ मिटली!"

मूठ रिकामी होती. बिर्थेनं वळून पाहिलं. दांडीवरचा तो पाय, कुणी ओढून धरावा तसा, पेटीच्या दिशेनं ताणला गेला होता.

मग एल्नाच्या मुठीबरोबर हळूहळू तोही सैल पडू लागला.