हिरवी पुडी

"इन्सुलिन बंद करायला कुणी सांगितलं तुला?" दवाखान्यात मावशीच्या खाटेपाशी मी कडाडले.

तिने उशाखालून हिरवी पुडी काढली. मधुमेह मुळापासून घालवते, असं त्यावर छापलं होतं.

माझं डोकंच फिरलं. याच पुडीपासून सावध राहा, असा लेख मी माझ्या वेबसाइटवर लिहिला होता. लेखात पुडीचं नाव आलं, म्हणून त्याखाली तिचीच जाहिरात झळकू लागली. "ती काढ," असं मी नवऱ्याला बजावलं होतं. जाहिरातींचं सगळं तोच सांभाळतो. "बघतो," म्हणाला होता.

"माझा लेख वाचला नाहीस?" मी मावशीला विचारलं.

"मला बारीक अक्षर कुठे दिसतंय?" मावशी म्हणाली. "जाहिरात दाबली की तुम्हाला पैसे मिळतात, असं जावईबापूंनी सांगितलेलं. म्हणून रोज दाबायचे. मग वाटलं, तुझ्या वेबसाइटवर आहे म्हणजे चांगलंच असणार. मागवलं."

तेवढ्यात नवरा औषधांची पिशवी घेऊन आला. "बिलाची काळजी करू नका, मावशी. या महिन्यात वेबसाइटने बरे पैसे दिलेत."

मी त्याच्या हातातली पिशवी हिसकावून घेतली. "कुठल्या लेखाने दिले, ते सांग तिला."