लाल रेघेपर्यंत

न्हाणीघरात बादलीची कडी टिणकन वाजली, तशी भाजी निवडता निवडता तिचे हात थांबले.

घरात ती आणि लेक, दोघीच. नळ सकाळपासून कोरडा. बादली तर तिने स्वतःच उपडी घातली होती.

नवरा कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. "उकळतं पाणी थेट गटारात सोडायचं नसतं, पिल्लू. आधी टाकीत ठेवायचं, निवलं की सोडून द्यायचं," असं तो लेकीला गोष्टीसारखं सांगायचा. तिच्या आंघोळीच्या बादलीतही त्याने लाल रेघ मारली होती. आधी रेघेपर्यंत गार, मग वरून गरम. टाकीची वाफ जायची नळी बुजून टाकी फुटली, त्या दिवशी टाकीजवळ तोच उभा होता.

तो गेल्याला आज सहावा दिवस आणि रोज हेच. तिने जाऊन पाहिलं, बादली पुन्हा सुलटी, रेघेपर्यंत भरलेली. पहिल्या दिवशी त्या पाण्याला हात लावता आला नव्हता. आरसा वाफेने पांढरा झाला होता. "अगं, तूच भरतेस आणि तूच विसरतेस," शेजारच्या काकू म्हणाल्या. पुढे रोज त्या उबेत मनगट बुडवून ती नुसती बसून राहायची.

आज पाणी जेमतेम कोमट होतं. धावत जाऊन तिने पिंपातलं पातेलंभर पाणी उकळून आणलं आणि ओतलं. रेघ बुडाली नाही. पाणी तापलंही नाही.

लेक शेजारी उकिडवी बसली आणि तिने बादलीत हात घातला.

"आई, बाबा निवले. आता सोडून द्यायचं का गं त्यांना?"