कडेचा पेला

दोरीवर फडकी वाळत होती. नुसत्या पाण्याने भिजलेली.

स्टीलचा एक पेला. काठाला पोचे.

एका खुर्चीवर दोन उशा. एकाच उशीवर बसलं तर धाकटीचा हात टेबलावर नीट पोचत नव्हता.

"कोपर?" मावशीने विचारलं.

"टेबलाखाली!" दोघी बहिणी एका सुरात म्हणाल्या.

"तोंडात घास असताना?"

"मिठाची गुळणी," धाकटी म्हणाली.

"आणि पहिला घास?"

"पाहुण्यांचा. मग आपला."

बालगृहात लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणत. मूल दत्तक मागायला आलेल्या जोडप्याला ती आधी मुलांसोबत जेवायला बसवायची. कागदपत्रं नंतर. ही तिची जुनी रीत.

आज एक दंतवैद्य आणि त्यांची बायको येणार होते. एकट्या धाकटीला मागणारे पायलीचे पन्नास. दोघींना एकत्र मागणारे इतक्या दिवसांत हे दुसरेच.

"आधीचे साहेब पेल्यापायी केवढे भडकले म्हणे," नवी स्वयंपाकीण म्हणाली. "गोड न खाताच उठले. आज परत तसं झालं तर?"

"सराव झालाय," मावशी म्हणाली. "तुम्ही गोडाचं बघा."

"पण मावशी, हेसुद्धा उठून गेले तर?" थोरलीने हळूच विचारलं.

"तर त्यांच्या वाटणीचं गोडही तुमचं."

पाहुणे आले, सगळे जेवायला बसले. सूप सुरळीत पार पडलं. चमच्याचा आवाज नाही, फुरका नाही. डॉक्टरांनी पांढरी पँट घातली होती. ते धाकटीला म्हणाले, "दात दाखव बरं." तिने आधी घोट गिळला, मग तोंड उघडलं. मावशी खूश दिसली.

भात वाढून झाला. धाकटी चमच्यासाठी वळली आणि तिचं कोपर वर आलं. टेबलाच्या कडेचा पेला आडवा झाला. सगळं पाणी शेजारी बसलेल्या डॉक्टरांच्या मांडीवर.

स्वयंपाकीण दारातच "अगं बाई!" म्हणाली. थोरलीचा घास हातातच राहिला. मावशी जागची हलली नाही.

डॉक्टर ताडकन उठले. पाणी टेबलावरूनही वाहत होतं. त्यांनी आधी धाकटीचं ताट उचलून कोरड्या जागी ठेवलं.

"भात वाचला ना?" मग त्यांनी पँटकडे पाहिलं. "झालं! आता लोक म्हणणार, एवढा मोठा दंतवैद्य आणि स्वतःच सुईला घाबरला."

थोरलीला हसू आवरेना.

"चुकलं माझं," धाकटी पुटपुटली.

"तुझं कसलं चुकलं? आमच्याकडे हे काम ह्यांचं असतं," बायको म्हणाली. तिने स्वतःच्या रुमालाने टेबल पुसलं, पेला पुन्हा भरला आणि धाकटीच्याच हातात दिला.

डॉक्टर ओल्या पँटनिशी परत जेवायला बसले. "भाजी सरकव गं जरा इकडे."

मावशीने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने मान डोलावली.

"गोड आणा हो," मावशीने स्वयंपाकिणीला हाक दिली. "आणि येताना माझ्या खोलीतले कागदही."

आदल्या दिवशी दुपारभर पाहुण्यांच्या खुर्चीत मावशी स्वतः बसली होती, आणि कोपराच्या एका धक्क्यात पेला नेमका तिच्या मांडीवर रिकामा होईपर्यंत तिने धाकटीला उठू दिलं नव्हतं.