चार बोटं कोरी जागा

नगराधिकारी हिएराक्सने तीन पानं मेजावर शेजारी शेजारी मांडली आणि बोट टेकवून विचारलं, "इथं काय होतं?"

कोलूथनं वाकून पाहिलं. तिन्ही पानं त्याच्याच हातची. एकच ओळ तीनदा लिहिलेली, आणि तीनही वेळा एकाच ठिकाणी चार बोटं जागा कोरी.

"शब्द, सरकार. ग्रीक शब्द. आमच्या बोलीत बसेना. अडलं की जागा सोडायची आणि पुढं जायचं, भाषांतरात असंच करतो आम्ही."

"तीनदा अडलं? त्याच जागी?"

"हो, सरकार."

"मला शेंबडं पोर समजतोस काय रे?" हिएराक्स हसला. माणूस तसा क्रूर नव्हता, त्याची जेवायची वेळ टळली होती इतकंच. पण असल्याच माणसांची जास्त भीती वाटते. "इथं नावं येणार होती. कुणाकुणाच्या घरी तुमची पुस्तकं दडवलीत, त्यांची. बरोबर?"

नावं पानावर नव्हतीच. ती कोलूथच्या डोक्यात होती. ख्रिस्ती लोकांची पुस्तकं जाळायचा सम्राटाचा हुकूम नाईलकाठी येऊन महिना झाला होता, आणि गावातल्या पाच घरांत ती पिठाच्या रांजणात, गाढवाच्या खोगिरात लपून बसली होती. आता ती पाचही नावं कोलूथच्या जिभेच्या टोकावर आली होती. एक फटका बसला की आपण भडाभडा ओकणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शूर नव्हताच तो. लहानपणी हंस अंगावर आला तरी बहिणीच्या मागं लपायचा.

ती थोरली बहीण, तायसिस, भिंतीपाशी उभी होती. शिपायानं तिला मागावरून तशीच उठवून आणलं होतं. बाहीला अजून सुताचे धागे चिकटलेले.

"शब्दच आहे ना? मग भर," हिएराक्सने दौत आणि बोरू पुढं सरकवला. "आत्ता, माझ्यासमोर. ओळ सरळ लागली तर दोघं घरी जा. नाही लागली तर चाबूक हिला. आणि थापा मारू नकोस. मला तुमच्यातल्याच दाईनं वाढवलंय, बोली कळते मला. अक्षरं तर तुम्ही आमची ग्रीकच उसनी घेतलीत."

"लिही की रे मेल्या!" तायसिस खेकसली. "महिनाभर डोकं खाल्लंस माझं त्या शब्दापायी."

ते खरंच होतं. ओळ लिहून झाली की कोलूथ तिला वाचून दाखवायचा. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणूनच. कळलं तर ती माग चालवता चालवता म्हणायची, "पुढं." नाही कळलं तर माग थांबायचा. या ओळीला तो थांबलाच होता. वधस्तंभावर द्यायला धरून नेतात, त्याच्या आदल्या रात्री प्रभू तिघा सोबत्यांना घेऊन बागेत जातो, आणि तिथं त्याला काहीतरी होतं. ख्रिस्ती मंडळीचे वडीलधारे आबा म्हणाले होते, 'खिन्न झाला' असं लिही, शोभून दिसेल. तायसिसनं ते ऐकून माग थांबवला. "उद्या जीव जाणार, आणि माणूस नुसता खिन्न? खिन्न तर मीही होते रे, डाळ करपली की."

मूळ शब्द काय म्हणतो ते कोलूथला नीट कळत होतं. पण प्रभूबद्दल तसलं लिहायला त्याचा हात धजत नव्हता. आबा काय म्हणतील? लोक काय म्हणतील? म्हणून ती जागा कोरी.

शिपायानं चाबूक खुंटीवरून काढला आणि उलगडला. वादी फरशीवर सळसळली. तायसिसनं भिंतीला पाठ लावली. तिची हनुवटी थरथरत होती. उभ्या जन्मात कोलूथनं अक्काला अशी पाहिली नव्हती. त्याच्या बोरूतून शाई ठिबकली, आणि मांडीवरून काहीतरी ऊन ऊन ओघळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

आणि शब्द आला. आबांच्या तोंडी कधी न येणारा, कालव्याकाठचा शब्द. खाटकाच्या दारात रक्ताचा वास आला की मेंढरू चारी पाय रोवतं ना, त्या वेळी म्हणतात तो. कोलूथनं लिहिला. अक्षर वेडंवाकडं आलं, आणि जागा अर्धी उरली.

हिएराक्सने अक्षरं लावत वाचलं. "'त्यानं तिघांना बरोबर घेतलं. आणि तो भेदरला.'"

त्यानं पुन्हा एकदा वाचलं.

"कोण? तुमचा देव?"

"हो, सरकार."

"भेदरला?"

"हो."

शिपाई फिसकन हसला. हिएराक्स हसला नाही. नावं लपवायला कुणी आपल्या देवाची अशी शोभा करून घेत नाही, एवढं त्याला कळत होतं.

"एवढासा तर शब्द. मग तीनदा जागा का सोडलीस?"

"भीती वाटत होती, सरकार."

हिएराक्सने पानं गोळा केली आणि शेगडीत टाकली. हुकूम तो हुकूम. "जा," तो म्हणाला आणि ताट आणायला सांगितलं.

दोघं कालव्यापर्यंत चालत आली. ओला झगा कोलूथच्या पायाला चिकटत होता. पाचही नावं अजून घशातच होती. तायसिसनं त्याचं मनगट धरलं होतं, आणि तिचा हात गार पडला होता. तिनं मागं वळून पाहिलं नाही, चालणंही थांबवलं नाही.

"पुढं," ती म्हणाली.