तिसऱ्या मजल्यावरची मेथी

नरेंद्र जिना चढून आला तेव्हा जिजा मेथीवर पाणी शिंपडत होती. साखळी न काढता तिने दार जरासं उघडलं.

"माई, डबा आणलाय. शेठच्या घरचा."

"परत ने."

"गरम आहे अजून."

"तुझ्या शेठच्या घरचं अन्न या उंबऱ्याच्या आत येणार नाही. कितीदा सांगायचं?"

नरेंद्र हा शेठचा साइटवरचा माणूस. भाडेकरूंवर खेकसायची त्याला सवय होती, पण जिजासमोर त्याचा आवाज चढत नसे. डबा घेऊन तो खाली उतरला.

अंबरनाथ पश्चिमेतली ही जुनी इमारत पाडून शेठला टॉवर उभा करायचा होता. पाचही भाडेकरूंना नवं घर देतो, असं तो तोंडी सांगायचा. कागद मागितला की म्हणायचा, "बघू." लोक कंटाळून निघून गेले. चार दारांना शेठची कुलपं लागली. पाचव्या दाराआड जिजा बसून राहिली. ती खाली उतरली असती तर तिथेही कुलूप लागलं असतं.

दार तोडायचं नाही, असा शेठचा हुकूम होता. त्याने विजेचं मीटर तेवढं काढून नेलं. अंधाराला कंटाळून म्हातारी आपोआप खाली येईल, असा त्याचा हिशेब.

तांदूळ, मूग, लसूण जिजाकडे भरपूर होतं. ताजं मात्र काहीच नव्हतं. मग घरातच पिकवायचं, तिने ठरवलं. बारवीकडच्या पाड्यावर वाढलेली बाई ती. पण तिथे ऊन मागावं लागत नसे. इथे खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. सकाळी घटकाभर ऊन कठड्याला टेकून निघून जायचं.

जिजाने कपाटाचं आरशाचं दार उतरवलं आणि खिडकीत तिरकं उभं केलं. उजेड आतल्या भिंतीपर्यंत पोचला. गेलेल्या लोकांच्या दाराबाहेर राहिलेल्या कुंड्यांतली माती आइस्क्रीमच्या डब्यांत भरली, मेथी पेरली, लसणाच्या पाकळ्या टोचल्या. पहिली मेथी उजेडाकडे माना लांब करून वाढली आणि पांढुरकी होऊन लोळली. जिजाने ती तशीच आमटीत घातली. पुन्हा पेरली.

गच्चीवर कुणाची तरी विसरलेली लहानशी सोलर प्लेट सापडली, बॅटरीसकट. तिच्यावर एक तर दिवा चालायचा, नाहीतर मोबाइल चार्ज व्हायचा. जिजाने मोबाइल बंद ठेवला आणि मेथीला दिवा दिला.

पौषात थंडी पडली, बी उगवेना. मग भात उतरवला की ती पातेल्याला खेटून डबे मांडायची आणि सगळ्यावर मिळून एकच गोधडी घालायची. चौथ्या खेपेची मेथी ताठ उभी राहिली.

पुन्हा डबा घेऊन आलेल्या नरेंद्रला दाराच्या फटीतून ती दिसली. "हे काय, माई?"

"शेत लावलंय, सांग तुझ्या शेठला. मी उपाशी पडायची वाट बघत असेल तर म्हणावं, बस बघत."

"त्यांना झोप नाही हो हल्ली."

"पाचही घरांचे कागद कर म्हणावं, नोंदणी केलेले. लागेल झोप."

दुसऱ्या दिवशी बाहेरून बांबूंची परांची चढली आणि खिडकीवर पत्रा ठोकला गेला. खोलीत मिट्ट काळोख झाला. जिजाने वरवंटा उचलला आणि आतून पत्रा बडवायला घेतला. हात भरून आले तरी थांबली नाही. रस्त्यावर माणसं जमली. कुणी शूटिंग करू लागलं. "ए, बाईला कोंडता काय रे?" खालून कुणीतरी ओरडलं. शेवटी नरेंद्रनेच वर चढून पत्रा काढला.

संध्याकाळी शेठ स्वतः आला. एकटाच. त्याने दाराच्या फटीतून कागद आत सरकवले. जिजाने चष्मा लावून दिव्याखाली एकेक कागद वाचला. शिक्के होते, सह्या होत्या. कागद मात्र चारच होते.

"पाचवा?"

"पाचव्या खोलीत तर तूच बसलीयस."

"खोली उमाची आहे. माझ्या भरवशावर किल्ली देऊन गेलीय ती."

"किती हट्ट करशील?"

"पाचवा कागद आण."

तिने दार लावून घेतलं आणि मेथी खुडायला बसली. जिन्यावर पावलं काही उतरली नाहीत.

"उद्या आणतो उमाचा कागद," दारापलीकडून शेठ म्हणाला. "आज तरी घरी चल, आई."