दुसरा ब्रेक

"आता बाईंनी काही करायचं नाही," मागच्या सीटवरून साहेब म्हणाले. "पाय बाजूला. गाडी मास्तर थांबवतील."

ड्रायव्हिंग स्कूलची मान्यता पुढे चालू ठेवायची की काढून घ्यायची, हे ठरवायला साहेब आले होते. कागदपत्रं त्यांनी नुसती चाळली. कागदावर सगळ्यांच्याच गाड्या धावतात, म्हणाले, मी गाडीत बसून मगच सही करतो. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा त्यांचा खाक्या. मास्तरांनी चालवायला तिला बसवलं होतं, कारण शिकणाऱ्यांत तिचाच हात सगळ्यात बसलेला होता. शेजारी स्वतः मास्तर, आणि त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक. शिकवण्याच्या गाडीत तो असावाच लागतो. नसेल तर मान्यता नाही.

मान्यता तिलाही हवी होती. एका शाळेच्या व्हॅनवर तिची नोकरी ठरल्यातच जमा होती, अडलं होतं ते मान्यताप्राप्त स्कूलच्या सर्टिफिकेटवर. नवरा घरी बसल्यापासून हीच एक वाट दिसत होती. सासूने तर व्हॅनमधल्या पोरांना कसा दम द्यायचा, तेही शिकवून ठेवलं होतं.

रस्ता उताराचा होता, पण मोकळा. तिने पाय उचलून बाजूला घेतला. मास्तरांनी त्यांचा ब्रेक दाबला. पेडल पार तळाला टेकलं, आणि गाडी होती तशीच पुढे गेली.

समोर एक म्हातारा सायकल हातात धरून रस्ता ओलांडायला उतरला. तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर तिच्याकडेच बघत होते. एरवी येणाऱ्याजाणाऱ्याला अक्कल शिकवणारा हा माणूस, पण आता त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तिने आपला ब्रेक दाबला. गाडी थांबली. म्हातारा आपल्याच नादात पलीकडे गेला.

साहेबांची नजर सगळा वेळ मास्तरांच्या बुटावर होती. बूट खाली गेला आणि गाडी थांबली, त्यांना तेवढं पुरलं. जरा उशिरा धरतो, पण धरतो, असं म्हणून ते गाडीच्या नंबराचा फोटो काढायला खाली उतरले.

दार लागल्याबरोबर मास्तर पुटपुटले, तार तुटली आहे, करायची राहून गेली. कधीपासून, असं तिने विचारलं. झाले बरेच महिने, ते काचेतून बाहेर बघत म्हणाले.

तिने मनात महिने मोजले. शिकायला लागली त्याच महिन्यात, बाजाराच्या वळणावर एक लहान पोरगी गाडीसमोर आली होती. गाडी वेळेवर थांबली, आणि मी दाबला म्हणून वाचली, असं मास्तर म्हणाले होते. त्या दिवशी घरी जाऊन तिने सासूला सांगितलं होतं की मास्तर म्हणजे देवमाणूस. मग ती पोरगी वाचली ती कोणाच्या पायाने? स्वतःचं कौतुक वाटायला हवं होतं खरं तर. तिला नुसती भीती वाटली, आणि मागाहून आलेली भीती फार वाईट असते, तेव्हा करायला काहीच उरलेलं नसतं.

"ताई," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "तुमचं सर्टिफिकेटही यातच आहे. उद्याच्या उद्या दुरुस्त करून घेतो. शब्द आहे माझा."

साहेब परत येऊन बसले. आता ऑफिसात जाऊ, शिक्का तिथेच आहे, सही करून टाकतो, म्हणाले. काम मनासारखं झालं की माणूस जरा सैल होतो, तसे ते झाले होते. कोणत्या स्कूलच्या गाडीत ब्रेक नुसता शोभेला असतो, कोण माझ्यासमोर कशा थापा मारतो, ते सगळं त्यांनी सांगून टाकलं. मास्तर प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मान हलवण्यात त्यांची आज कमाल होती.

तिने गाडी काढली. चौकात सिग्नल लाल होता, म्हणून थांबली.

"मास्तर, माझ्या मुलीलाही शिकायचंय," साहेब म्हणाले. "सोमवारपासून तुमच्याकडेच पाठवतो."

"पाठवा की. आपलीच मुलगी."

मुलगी भित्री आहे का, असं तिने आरशात बघत विचारलं. तिचं तिलाच कळलं नाही, आपण का विचारतोय.

साहेब हसले. "भित्री म्हणजे, सायकलसुद्धा भिंतीला धरून शिकली. पण मी सांगितलंय तिला, शेजारी मास्तर असतात, त्यांच्यापाशी वेगळा ब्रेक असतो. तू बिनधास्त चालव."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या. सासू, नवरा, ती व्हॅन, सगळं तिच्या डोळ्यांपुढे येऊन गेलं. रडू आलं तिला, पण हात ठरल्यासारखा चालला. गाडी कडेला घेऊन तिने इंजिन बंद केलं.

"काय झालं ताई?" मास्तरांनी विचारलं. "चला ना."

ती मास्तरांकडे वळली नाही. "साहेब," ती म्हणाली, "तुम्ही जरा पुढे येऊन बसता का? मास्तरांच्या जागेवर."

मास्तरांनी दाराची कडी चाचपायला सुरुवात केली. स्वतःच्याच गाडीत ती त्यांना सापडेना.