सात नंबरचा सुकलू

“पोरगा खाते किती?” पाहुण्यांनी विचारलं.

बापूराव सरांना प्रश्न आवडला. राजुऱ्याच्या कॉलेजात खेळ शिकवायला लागल्यापासून इतका मुद्द्याचा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

“भरपूर,” ते म्हणाले. “मेसवाली शकुबाई त्याले दुरून येताना पाह्यलं का तांदूळ वाढवते.”

“असाच पाहिजे.”

मैदानात सामना चालू होता आणि सुकलू बास्केटखाली उभा होता. तो उडी मारत नसे. हात वर करायचा, चेंडू कड्यात सोडायचा आणि परत फिरायचा, जणू फळीवर डबा ठेवून आला. परीक्षा झाली की तो कुरखेड्याला परत जाणार होता. तिथे त्याच्या उंचीचा उपयोग एवढाच, की चिंचा पाडायला काठी लागत नव्हती.

पण ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या संघाला एक उंच गडी हवा होता. निवड झाली की नोकरी. संघाचा माणूस रविवारी पाहायला येईल, असा निरोप होता. रविवारी ऊर्जानगरहून कंपनीची बस आली, खाकी शर्टातले एक गृहस्थ उतरले आणि फाटकावर म्हणाले, “तो उंच पोरगा कोनता? त्यालेच पाहाले आलो.” नाव सांगितलं इसरू. सरांनी त्यांना थेट प्राचार्यांच्या खुर्चीत बसवलं. खुर्ची त्यासाठी मैदानावर आणावी लागली.

“दारू पिते काय?” इसरूभाऊंनी विचारलं.

“एक थेंब नाई.”

“थोडीशीबी नाई? पाहुणे आले तं?”

सर गोंधळले. मग त्यांना वाटलं, ही चाचणी असेल. “पाहुणे आले तं पाहू,” ते जपून म्हणाले.

इसरूभाऊंनी मान डोलावली. “अन् चिखलात टिकते का?”

“आमचं मैदान पाह्यलं ना तुम्ही? पावसाळ्यात तो चिखलातच असते.”

“रोवणी?”

“एकदा पाय रोवले का चौघं ढकलू देत, हालत नाई.”

“बापा!” इसरूभाऊंना भात रोवायचा हा प्रकार नवा दिसला.

सुकलूने आणखी एक चेंडू कड्यात सोडला. टाळ्या पडल्या. इसरूभाऊंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते सुकलूच्या पाठीवरचा आकडा बघत होते.

“सात हाय,” ते म्हणाले.

“सात,” सर म्हणाले. “पह्यल्या वर्षी मी त्याले पाच देत होतो. ऐकलंच नाई त्यानं. आमच्या घरी सातच चालते, म्हने.”

“बरोबर बोलला. हे तुमच्या कॉलेजात लय चांगलं हाय, सर. पाठीवरच लिहून ठेवता. आमच्याकडं विचारत बसावं लागते.”

एवढ्या मोठ्या कंपनीच्या बनियनवर साधे नंबरही नाहीत, याचं सरांना वाईट वाटलं. “तुमच्याकडं किती हायेत?” त्यांनी गड्यांबद्दल विचारलं.

“सहा.”

“मंग सातवाला जमन ना?”

“सात असन तं जमतेच. सहा असता, तं मी चहा न पिता परत गेलो असतो.”

सरांनी घाईघाईने चहा मागवला.

“अन् तुमच्याकडं उंच किती?”

“एकच,” इसरूभाऊ उसासा टाकून म्हणाले. “तिथीच तं अडचण हाय. जोडीले बुटका उभा केला का लोक हासतात.”

“हासनारच. ह्या कामात जोडी जमली पाहिजे.”

“लाख बोलले, सर.”

चहा आला. इसरूभाऊंनी बशीत ओतून शांतपणे संपवला आणि अटी सांगितल्या. ऊर्जानगरात दोन खोल्यांचं क्वार्टर आहे, त्यातली एक खोली पोराची. खाणं-कपडे त्यांच्याकडून. दोन वर्षं पोराने राहून, काम करून दाखवायचं. चाल-चलन ठीक वाटलं की पक्कं.

“म्हंजे प्रोबेशन,” सर म्हणाले.

“तुमच्यात तसं म्हनत असतील.”

“अन् दोन वर्षांत तुमाले नाई आवडला तं?”

“पोरगा आपल्या घरी जाईन. पन मले वाटते, राहीन. स्वभाव गरीब दिसते.”

“गाय आहे, गाय,” सर म्हणाले. चार वर्षं त्यांनी या पोराला स्वतःच्या घरची अंडी खाऊ घातली होती.

सामना संपला. सरांनी हाक मारली तसा सुकलू घामाने निथळत आला आणि वाकून म्हणाला, “जोहार, मामा.”

“मामा म्हनालेबी लागला!” इसरूभाऊ खूश झाले. त्यांनी खुर्चीमागून एक वेळूची काडी काढली आणि सुकलूच्या शेजारी उभी धरली. काडीवर एक खाच होती. खाच सुकलूच्या कानाच्या पाळीशी आली. इसरूभाऊंनी काडी फिरवून पुन्हा मोजलं. त्यांचे डोळे भरून आले.

मोठ्या कंपनीत सगळं मोजूनमापून असतं, असं सरांच्या मनात आलं.

“पसंत?” त्यांनी श्वास रोखून विचारलं.

“पसंत. तुमचा शब्द?”

“सुकलू, तुले चालते ना? ऊर्जानगर, क्वार्टर, दोन वर्षं?”

“तुम्ही म्हनता तं चालते, सर,” सुकलू म्हणाला. चार वर्षांत तो यापेक्षा वेगळं काही बोलला नव्हता.

“दिला शब्द!” सरांनी दोन्ही हातांनी इसरूभाऊंचा हात धरला. पोरांनी एकच आरडाओरडा केला. कोणीतरी सुकलूला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. सर कपाळ पुसत म्हणाले, “मंग साहेब, पह्यली म्याच कधी?”

“म्याच-बीच तुमचं तुम्ही पाहा, सर. सात देवांच्या घरचा पोरगा, आम्ही सहा देवांचे. आमच्यात सारख्या देवांत लगीन होत नाई, सहा-सातचं होते. सोयरीक झाली,” इसरूभाऊ म्हणाले आणि सरांना बाजूला घेऊन हळूच पुढे बोलले, “आता शब्द झाला, तं लपवत नाई. आमची पोरगी बुधरी सहा फूट हाय, अन् अजून वाढूनच राह्यली हाय.”